थांबवलेल्या कामांचा रकाना

त्या अर्जाच्या पहिल्या पानावर एक ओळ होती : 'कमांडेड अ मीडियम रेजिमेंट', म्हणजे मध्यम तोफांच्या रेजिमेंटचं नेतृत्व केलं. मी ती वाचली, पान उलटलं, खाली कुठे प्रमाणपत्राचं नाव दिसतंय का ते शोधलं आणि अर्ज 'अपात्र' गठ्ठ्यात ठेवला. दीड मिनिट लागलं असेल.

जागा आमच्याच कंपनीतली होती, पोर्टफोलिओ मॅनेजरची. अर्जदार तोफखान्यातून निवृत्त झालेले कर्नल, पत्ता देवळाली कॅम्प. नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या ऑफिसपासून गाडीनं फार तर पाऊण तास. मुलाखतीला बोलावलं असतं तर माझा एक तास गेला असता. पण पात्रतेचा तक्ता मीच तयार केला होता आणि त्या तक्त्यावर माझा विश्वास होता.

पोर्टफोलिओ म्हटलं की आपल्याकडे आधी शेअर आणि म्युच्युअल फंड आठवतात. हिशेबाची ही रीत आलीही तिथूनच. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये मांडलं की एकेका शेअरकडे सुटं बघू नका, सगळी गुंतवणूक एकत्र ठेवून बघा. पुढे कंपन्यांनी तोच विचार प्रकल्पांना लावला. प्रोजेक्ट मॅनेजरला एकच विचारायचं असतं, हे काम वेळेत आणि पैशात कसं बसवू. पोर्टफोलिओ सांभाळणाऱ्याला त्याच्या आधीचं विचारावं लागतं. हे काम घ्यायचंच का? घेतलं तर कशाच्या बदल्यात?

आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. त्या वर्षी आमच्याकडे नव्या भागांचे एकतीस प्रकल्प एकदम चालू होते आणि टूलरूम, म्हणजे साचे बनवणारा आणि दुरुस्त करणारा विभाग, एक. प्रत्येक प्रोजेक्ट मॅनेजरला आपलाच डाय, म्हणजे साचा, आधी हवा असायचा. सोमवारच्या बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं काम मंगळवारी मशीनवर चढायचं. हे थांबवायला माणूस हवा, असं मी वर्षभर सांगत होते. शेवटी जागा मंजूर झाली आणि तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं.

मी तो मनापासून केला. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही १९६९ साली अमेरिकेत निघालेली संस्था, आणि तिचं पीएफएमपी हे पोर्टफोलिओचं प्रमाणपत्र २०१४ पासून दिलं जातं. त्याच्या अटी कडक आहेत. गेल्या पंधरा वर्षांत किमान आठ वर्षांचा व्यावसायिक अनुभव हवा. त्याशिवाय पोर्टफोलिओच्या कामाचे पदवीधराला ६,००० तास दाखवावे लागतात, पदवी नसेल तर १०,५००. आपण काय केलं ते स्वतः लिहून द्यायचं. जाणकारांचं मंडळ ते वाचतं आणि ते पसंत पडलं तरच परीक्षेला बसता येतं. परीक्षेत चार तास आणि १७० प्रश्न. पुढेही दर तीन वर्षांनी ६० गुणांचं शिक्षण दाखवलं नाही तर प्रमाणपत्र जातं. प्रश्न पाच क्षेत्रांतले असतात : धोरणाशी मेळ, कारभार, कामगिरी, जोखीम आणि संवाद.

याहून चांगली फूटपट्टी मला माहीत नव्हती. कर्नलांच्या अर्जात त्या पाचांपैकी एकही शब्द नव्हता. रेजिमेंट होती, मग 'कर्नल, अ‍ॅडमिनिस्ट्रेशन', तमिळनाडूतल्या वेलिंग्टनचं लष्करी स्टाफ कॉलेज, सिकंदराबादचं कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंट. या शेवटच्या नावावर तरी मी थांबायला हवं होतं. १९७० पासून तिथे तिन्ही दलांच्या अधिकाऱ्यांना व्यवस्थापनच शिकवलं जातं. पण तक्त्यात ते नाव नव्हतं.

जागा दुसऱ्या उमेदवारानं भरली. त्यांच्याकडे प्रमाणपत्र होतं, सादरीकरण उत्तम होतं, आणि वर्षाच्या आत ते बंगळुरूला गेले. त्यांची चूक काही नव्हती. त्यांनी लाल-पिवळ्या-हिरव्या खुणांचा सुरेख फलक तयार केला, तो आजही भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसतो. प्रकल्प मात्र एकतीसचे चौतीस झाले.

त्यांच्या जागेचं काम माझ्याकडे आलं, म्हणून मीच पीएफएमपीचा अर्ज भरायला घेतला. तास मोजायला फार वेळ लागला नाही, ६,००० च्या कितीतरी पुढे गेले. मग त्या तासांत काय केलं ते लिहायला बसले. कामगिरीबद्दल लिहिलं, संवादाबद्दल लिहिलं, जोखमीच्या नोंदवह्या कशा ठेवल्या तेही लिहिलं. धोरणाशी मेळ या मथळ्याखाली पेन अडलं. कोणते प्रकल्प घ्यायचे हे ग्राहकानं ठरवलेलं, नाहीतर संचालकांनी. मी त्यांची क्रमवारी केली होती, त्यांच्यावर अहवाल केले होते. निवड एकाही प्रकल्पाची केली नव्हती. सहा हजार तास खरे होते, त्यांत खोटं काहीच नव्हतं, आणि तरी ते कागदावर बघताना मला बरं वाटेना.

त्याच आठवड्यात भगूरला मामांकडे गेले. मामा तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचं काम टीएचं, म्हणजे टेक्निकल असिस्टंटचं. वारा किती, हवा किती दाट, दारूगोळ्याचं तापमान किती, हे सगळं हिशेबात धरून तोफेचा कोन काढणारा माणूस. चुकला तर गोळा आपल्याच पलटणीवर. मी लहान असताना ते सुट्टीवर आले की मला लॉगॅरिदमचा तक्ता वाचायला शिकवायचे.

त्यांच्यापुढे मी टूलरूमचं रडगाणं गायलं. एक टूलरूम, चौतीस प्रकल्प, प्रत्येकाला घाई. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, पण टूलरूम कुणाच्या कॉलवर आहे?"

मला प्रश्नच कळला नाही.

मग त्यांनी ओट्यावर खडूनं काढून दाखवलं. ब्रिगेडमध्ये तीन पलटणी. त्यांच्या मदतीला तोफखान्याची एक रेजिमेंट, तीन बॅटऱ्या, प्रत्येकीत सहा तोफा. एकेक बॅटरी एकेका पलटणीशी बांधलेली. बॅटरी कमांडर तोफांजवळ बसत नाही, तो पलटणीच्या सीओच्या, म्हणजे प्रमुखाच्या, शेजारी असतो. पण हल्ला होतो तेव्हा तो एकाच पलटणीचा असतो, आणि त्या वेळी अठराही तोफा तिच्यासाठी चालतात. बाकीच्यांनी तोवर आपल्या जवळच्या हत्यारांवर भागवायचं. शिवाय दुसऱ्या रेजिमेंटच्या तोफा लागल्या तर त्या 'अ‍ॅट प्रायॉरिटी कॉल' मिळतात, म्हणजे ठरलेल्या वेळेपुरता त्या तोफांवर पहिला हक्क तुझा. ती वेळ संपली की हक्क संपला. "आणि हे आदल्या दिवशी लिहून सगळ्यांना मिळालेलं असतं," मामा म्हणाले. "ऐनवेळी ओरडून तोफ मिळत नाही. कुणाला मिळणार नाही हेसुद्धा त्याच कागदावर असतं."

आमच्या क्षेत्रात याला साधनसामग्रीचं वाटप म्हणतात आणि त्यावर स्वतंत्र प्रकरणं असतात. मामांना ते जेमतेम विशीत, देवळालीच्या रेंजवर, उन्हात उभं राहून शिकवलं गेलं होतं.

याच मामांना निवृत्तीनंतर मिळालेली पहिली नोकरी एका कारखान्याच्या फाटकावरची होती. मॅट्रिक झालेल्या आणि पंधरा वर्षं नोकरी केलेल्या माजी सैनिकाला सरकारी गट 'क'च्या काही पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीनं धरतात. तो नियम आहे आणि चांगला आहे. २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला, त्यात लष्करी ट्रेडना, म्हणजे सैनिकांच्या कामांच्या प्रकारांनासुद्धा, पायऱ्या लावून देण्याचं काम सुरू झालं. मामांच्या वेळी त्यातलं काही नव्हतं. फाटकावरच्या अर्जात 'शिक्षण' आणि 'वजन उचलण्याची क्षमता' असे रकाने होते. हवेच्या थरांचा हिशेब येतो हे लिहायला जागा नव्हती. त्यांनी अकरा वर्षं ते फाटक सांभाळलं, कधी तक्रार केली नाही. मला मात्र त्या रात्री घरी येताना लॅम रोडवर गाडी बाजूला घ्यावी लागली, कारण मामांच्या त्या अर्जावरून मला माझा तक्ता आठवला होता.

दुसऱ्या दिवशी मी 'अपात्र' गठ्ठ्यातला तो अर्ज शोधला आणि कर्नलांना फोन केला. जागा आता रिकामी नाही, नोकरी देऊ शकत नाही, पण तुमचा अर्ज मी नीट वाचला नव्हता आणि तो समजून घ्यायचा आहे, असं सांगितलं. क्षणभर पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाले, "या ना मॅडम. रविवारी या."

कर्नल मूळचे साताऱ्याकडचे. जुन्या बंगल्याचा व्हरांडा, समोर आंब्याचं झाड, वेताच्या खुर्च्या. मी माझा तक्ता नेला होता. त्यांनी आतून एक फाइल आणली. चार तास आम्ही दोन कागद शेजारी ठेवून बसलो होतो. मध्ये एकदा दूर रेंजवर फायरिंग सुरू झालं आणि खिडकीची तावदानं थरथरली. नाशिकरोडच्या बाजूला राहणाऱ्यांना हा आवाज पाठ असतो. कर्नल बोलायचे थांबले, मनात काहीतरी मोजलं आणि पुढे बोलू लागले.

लष्कराची फूटपट्टी कशी चालते ते त्यांनी सांगितलं, ते माझ्या शब्दांत सांगते. तिथे कुणी 'मला अमुक येतं' असं लिहून देत नाही. आधी काम सोपवतात आणि मग बघतात. लेफ्टनंटकडे तीन-चार तोफा, मेजरकडे बॅटरी, कर्नलकडे रेजिमेंट. मधे देवळालीचे कोर्स, महूचा ज्युनिअर कमांड कोर्स, ज्यांना जमेल त्यांना परीक्षा देऊन वेलिंग्टन. दर वर्षी एसीआर, गोपनीय अहवाल. त्यात नऊपैकी गुण असतात आणि ते एकटा साहेब देत नाही. एक सुरुवात करतो, त्याच्या वरचा तपासतो, त्याच्याही वरचा पुन्हा तपासतो. लेफ्टनंट कर्नलपर्यंत सेवेच्या वर्षांनी पोचता येतं. तिथून पुढचा कर्नल निवडून होतो, तीन नंबरच्या सिलेक्शन बोर्डासमोर. संधी तीन. तिसऱ्यांदा नाव आलं नाही की ती वाट बंद.

"म्हणजे तुमच्याकडे परीक्षेपेक्षा साक्ष मोठी," मी म्हटलं.

त्यांना ते पटलं, पण लगेच दुसरी बाजूही त्यांनीच मांडली. एसीआरमध्ये गुण फुगतात. सगळेच आठ आणि नऊ देतात, मग एखाद्या सरळ साहेबानं प्रामाणिकपणे सात दिले की चांगला माणूस मागे पडतो. आणि साक्ष देणारा वरचाच असल्यामुळे, वरच्याला 'हे करू नका सर' म्हणणाऱ्याची नोंद कशी होईल ते त्या साहेबाच्या मनाच्या मोठेपणावर. "तुमच्या परीक्षेचा पेपर मला ओळखत नाही," ते म्हणाले. "ते मला फार चांगलं वाटतं."

मी हे कधी असं पाहिलं नव्हतं. १७० प्रश्न तुम्ही कुठल्या शाळेतले, कुणाचे लाडके, हे विचारत नाहीत. आमच्यासारख्या क्षेत्रात, जिथे बाई टूलरूममध्ये शिरली की लोक अजूनही वळून बघतात, तिथे निनावी परीक्षेची किंमत मला चांगली माहीत आहे. पण तो पेपर हेही विचारत नाही की दोन मॅनेजर समोर उभे असताना तुम्ही एकाला नाही म्हणालात का, आणि संध्याकाळी त्याच्याशी बोललात का.

युरोपातल्या आयपीएमए या प्रकल्प व्यवस्थापनाच्या संस्थेचा २०१५ चा क्षमता-आराखडा या बाबतीत जरा पुढे आहे. त्यात क्षमतांचे तीन भाग आहेत : परिस्थितीचं भान, माणसं आणि प्रत्यक्ष काम. माणसांच्या भागात सचोटी, संघर्ष, नेतृत्व या गोष्टी नावानं येतात. प्रोजेक्ट मॅनेजरच्या यादीत नसलेली एक क्षमता पोर्टफोलिओच्या यादीत जोडली आहे, 'निवड आणि समतोल'. कर्नलांनी ते दोन शब्द पेन्सिलीनं अधोरेखित केले आणि विचारलं, "समतोल म्हणजे यात रिझर्व्ह, राखीव साठा, धरलाय का?"

इथून पुढचा तास मी सगळ्यात जास्त शिकले. तोफखान्यात म्हण आहे की तोफा कधी राखीव नसतात. तोफ गप्प ठेवणं म्हणजे नासाडी. राखीव असतात माणसं, पलटणीतली एखादी तुकडी, एखादी पलटण, आणि मोजून ठेवलेला दारूगोळा. ज्या कमांडरनं आपला रिझर्व्ह वापरून टाकला त्याचं पहिलं काम नवा रिझर्व्ह उभा करणं. हे मी माझ्या टूलरूमवर लावून पाहिलं. आमची मशीनं चालूच राहायला हवीत, ते बरोबर. पण आम्ही टूलरूमचे तासही शंभर टक्के वाटून टाकत होतो आणि त्याला कार्यक्षमता म्हणत होतो. एक डाय तडकला की चौतीसही प्रकल्प मागे सरकत. राखीव तास ठेवा असं मी कधी म्हटलं असतं तर 'मोकळी माणसं कशाला' असा प्रश्न आला असता, आणि माझ्याकडे उत्तर नसतं. कर्नलांकडे होतं, कारण त्यांच्या शिक्षणात रिझर्व्ह नसलेली योजना तपासणाऱ्याकडून परत येते.

मग त्यांनी विथड्रॉवल, म्हणजे माघार, सांगितलं. लष्करात लढाईचे प्रकार शिकवतात ते असे : अ‍ॅडव्हान्स, अ‍ॅटॅक, डिफेन्स, विथड्रॉवल. माघार हा त्यातला पुरा अभ्यासलेला विषय आहे. कोण आधी निघेल, कोण शेवटपर्यंत थांबून पाठ राखेल, तोफा टप्प्याटप्प्यानं कशा मागे येतील म्हणजे काही तोफा सतत तयार असतील, काय सोबत आणायचं, काय नष्ट करायचं. त्याचा सराव करतात, त्यावर गुण मिळतात. कर्नल म्हणाले की चांगली माघार सगळ्यांत अवघड, कारण त्या वेळी माणसांचं मन खचलेलं असतं आणि शिस्त मात्र सर्वांत जास्त लागते.

माझ्या पुस्तकांमध्ये प्रकल्प बंद करण्याबद्दल लिहिलेलं आहे, 'टर्मिनेट' हा शब्द ठिकठिकाणी येतो. पण बंद कसा करायचा, त्यातल्या माणसांना काय सांगायचं, त्यांचं काम कुठे न्यायचं, याचा सराव कुणी कुणाकडून करून घेत नाही. आमच्याकडे प्रकल्प बंद होत नाहीत. त्यांचं बजेट कमी होतं, बैठका विरळ होतात, कुणीतरी एक इंजिनिअर त्यावर नावापुरता उरतो आणि फलकावर पिवळा ठिपका वर्षानुवर्षं चमकत राहतो.

"तुम्ही गेल्या तीन वर्षांत किती बंद केले?" त्यांनी विचारलं. अगदी साध्या आवाजात.

एकही नाही, हे मी सांगितलं.

इथे मला वाटू लागलं होतं की लष्कराकडेच सगळी उत्तरं आहेत. तो समजही त्यांनीच काढून टाकला. "मॅडम, तोफा चालवायचं आम्हाला येतं. कुठल्या तोफा घ्यायच्या, ते आमच्याकडून कसं झालं बघा." बोफोर्सचा करार मार्च १९८६ चा, ४१० तोफांचा. १९९९ मध्ये कारगिलला त्याच तोफा कामी आल्या. त्या लढाईत तोफखान्यानं सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. त्याच वर्षी सगळा तोफखाना १५५ मिलिमीटर व्यासाच्या तोफांवर आणायची मोठी योजना ठरली. म्हणजे कागदावर पोर्टफोलिओ होता, दिशा ठरली होती, गरज तर डोळ्यांसमोर होती. पण नव्या एम-७७७ आणि के-९ वज्र तोफा सैन्यात रीतसर आल्या त्या ९ नोव्हेंबर २०१८ ला, इथेच, देवळालीत. भारतात विकसित झालेल्या अटॅग्जच्या ३०७ तोफांचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. मधल्या काळात निविदा निघाल्या, रद्द झाल्या, पुरवठादार काळ्या यादीत गेले. २००१ मध्ये संरक्षण खरेदीचे मोठे निर्णय घेणारं डिफेन्स अ‍ॅक्विझिशन कौन्सिल स्थापन झालं, २००२ पासून खरेदीची लेखी कार्यपद्धती आली, ती सुधारत सुधारत २०२० च्या आवृत्तीपर्यंत पोचली. कर्नलांची एक बदली या कामात झाली होती. ते म्हणाले, रेजिमेंटमधून उचलून खरेदीच्या टेबलावर बसवतात, फाइल समजायला वर्ष जातं, दुसऱ्या वर्षी काम जमू लागतं आणि तिसऱ्या वर्षी बदलीचा हुकूम येतो. फाइल पुन्हा नवशिक्या हातात.

अमेरिकेनं या दुखण्यावर १९९० मध्ये कायदाच केला. संरक्षण खरेदीत काम करणाऱ्याला शिक्षण, प्रशिक्षण आणि अनुभवाच्या पायऱ्या ठरवून दिल्या, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे की गणवेशातल्या आणि साध्या कपड्यातल्या दोघांनाही एकच कायदा लावला. मोठ्या कार्यक्रमाच्या प्रमुखानं साधारण चार वर्षं, किंवा त्याच्या जवळचा टप्पा गाठेपर्यंत, जागा सोडायची नाही असंही त्यात आहे. बिगरलष्करी खात्यांसाठी प्रमाणपत्राची तशीच चौकट नंतर आली. २०१६ च्या आणखी एका कायद्यानं प्रोजेक्ट आणि प्रोग्राम सांभाळणाऱ्यांसाठी क्षमता ठरवा आणि दर वर्षी पोर्टफोलिओचा आढावा घ्या, असं सरकारवर बंधन घातलं. त्यानं तिथली सगळी कामं वेळेवर होतात असं मुळीच नाही. पण 'हा माणूस या खुर्चीसाठी तयार आहे का' हा प्रश्न दोन्ही बाजूंना एकाच भाषेत विचारता येतो. आपल्याकडे कर्नलांना तो एका भाषेत विचारला गेला, मला दुसऱ्या. आणि आमची गाठ पडली तेव्हा मला त्यांची भाषा वाचता आली नाही.

निघताना आम्ही गेटपाशी बराच वेळ उभे होतो. बोलणं सिंहस्थावर गेलं. नाशिकमध्ये सध्या कुठलंही बोलणं शेवटी सिंहस्थावरच जातं. रस्ते, घाट, मलनिस्सारण, पूल, शेकडो कामं एकदम आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातल्या स्नानाच्या तारखा पंचांगानं बांधलेल्या. कर्नल म्हणाले, एच-अवर, म्हणजे मोहीम सुरू व्हायची वेळ, ठरलेला आहे, तो कुणाला पुढे ढकलता येत नाही. अशा वेळी शेवटच्या सहा महिन्यांत कोणती कामं सोडून द्यायची याची यादी आजच तयार हवी. २००३ च्या सिंहस्थात पंचवटीत चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. मी तेव्हा कॉलेजात होते, त्या संध्याकाळचा शहराचा सुन्नपणा मला आठवतो. अर्धवट पुरा झालेला रस्ता हा न केलेल्या रस्त्यापेक्षा गर्दीला जास्त धोक्याचा, एवढं त्यांचं म्हणणं होतं. माझ्या मनात ते घर करून राहिलं आहे. रोज द्वारका चौक ओलांडताना खणलेल्या कडा बघते आणि ही यादी कुणाच्या तरी टेबलावर असू दे असं वाटतं.

त्यांनी मला जाताना एक कोरा नमुना दिला. हँडिंग-टेकिंग ओव्हर नोट. खुर्ची सोडणारा आणि घेणारा, दोघांच्या सह्या. काय चालू आहे, काय अडलं आहे, कुणाला काय शब्द दिला आहे, काय थांबवलं आणि का. "शेवटचं लिहायला लोक लाजतात," ते म्हणाले. "पण येणाऱ्याला तेच सगळ्यात जास्त लागतं." आता ते पुण्यात एका कंपनीत आहेत. अधूनमधून फोन करतात, बोलणं सुरू होतं ते टूलरूमवरून.

माझ्या पात्रतेच्या तक्त्यात मी दोन बदल केले. 'किती मोठं काम सोपवलं गेलं, आणि त्याचा जाब कुणाला द्यावा लागला' असा एक प्रश्न घातला, तो कुठल्याही वर्दीतल्या आणि बिनवर्दीच्या माणसाला सारखाच लागू होतो. आणि शेवटी एक रकाना : 'स्वतः थांबवलेलं काम. का थांबवलं? मोकळी झालेली माणसं कुठे दिली?' प्रमाणपत्राची ओळ काढलेली नाही. माझा स्वतःचा अर्ज मात्र मी पाठवला नाही. तो शेवटचा रकाना मला आधी भरायचा होता.

यंदा मार्चमध्ये भरला. पंपाच्या बॉडीचा एक प्रकल्प होता. ज्या ग्राहकासाठी घेतला त्याची मागणी दोन वर्षांपूर्वीच आटली होती, आणि तरी आम्ही तो ओढत होतो कारण डायवर पैसे खर्च झाले होते. मी कर्नलांनी सांगितलं तसं केलं. आधी तारीख ठरवली. कोण कधी निघेल ते लिहिलं. डायची रेखाचित्रं आणि चाचण्यांचे आकडे कुठे ठेवायचे ते ठरवलं. टूलरूमचे मोकळे झालेले तास तीन प्रकल्पांना दिले आणि चौथा हिस्सा कुणालाच दिला नाही. तो राखीव आहे असं फलकावर लिहून टाकलं. बैठकीत त्यावर वाद झाला, पण लिहिलेलं पुसलं गेलं नाही.

त्या प्रकल्पावर एक तरुण इंजिनिअर होता, सिन्नरचा. दोन वर्षं त्यानं त्यात घातली होती. शेवटची नोट त्यानंच लिहिली, सहा पानं, इतकी स्वच्छ की ती वाचून कुणीही उद्या काम पुन्हा उभं करू शकेल. सही करायला माझ्याकडे आला आणि दारातच घुटमळला.

"मॅडम, हे माझ्या अप्रेझलमध्ये कुठे जाईल?"

मी त्याच्यासमोर फॉर्म उघडला. पूर्ण केलेली कामं, चालू कामं, पुढची उद्दिष्टं. आम्ही दोघांनी शेवटपर्यंत पाहिलं. मग मी फॉर्मची प्रत काढली, उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर त्यानं काय थांबवलं आणि किती नीट थांबवलं ते हातानं लिहू लागले. तो खुर्ची ओढून शेजारी बसला आणि मी तारखा विचारत गेले तशा सांगत गेला.